प्रीमेडचे विज्ञानविषय आधी कम्युनिटी कॉलेजात करून मग युनिव्हर्सिटीत जावे का?

मिशनपीक

नमस्कार मंडळी. आम्ही फ्रीमाँटला राहतो आणि आमची थोरली मुलगी येत्या जूनमध्ये बारावी पूर्ण करील. डॉक्टर व्हायचे हे तिने आठवीपासून मनात धरले आहे आणि आजवर त्यात बदल झालेला नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या निकालांत बर्कली, लॉस एंजेलिस आणि डेव्हिस या तिन्ही ठिकाणी नकार आला. रिव्हरसाइडला मात्र जीवशास्त्रात प्रवेश मिळाला आहे आणि त्यांना १ मेपर्यंत होकार कळवायचा आहे.

आता मुलीनेच एक वेगळा मार्ग पुढे ठेवला आहे. दोन वर्षे डी अँझा किंवा ओलोनी या कम्युनिटी कॉलेजात (म्हणजे दोन वर्षांच्या, कमी फीच्या सरकारी कॉलेजात) जनरल केमिस्ट्री, जीवशास्त्र, शक्य झाल्यास सेंद्रिय रसायन आणि फिजिक्स करायचे, घरी राहायचे आणि मग डेव्हिसला ट्रान्स्फर घ्यायची, असे तिचे म्हणणे आहे. रिव्हरसाइडला राहण्या-जेवण्यासकट वर्षाला चाळीस हजार डॉलरच्या वर खर्च येईल, आमच्या उत्पन्नाला आर्थिक साहाय्य जवळजवळ मिळत नाही आणि तिच्यामागे तीन वर्षांनी धाकटा आहेच. त्यामुळे पैशांच्या अंगाने तिचे म्हणणे पटते. पण माझे दीर नाशिकला डॉक्टर आहेत आणि त्यांनी व्हिडिओ कॉलवर सरळच विचारले, "वहिनी, कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपली आयटीआय का?" मी त्यांना तिथल्या तिथे उत्तर दिले खरे, पण मनात शंका राहून गेली.

मेडिकल स्कूलवाले कम्युनिटी कॉलेजातल्या विज्ञानविषयांकडे खरोखर कोणत्या नजरेने पाहतात, हे ज्यांनी हा मार्ग स्वतः चालून पाहिला आहे त्यांच्याकडून ऐकायचे आहे. मुलगी अमेरिकन नागरिक आहे आणि तिच्याकडे एपी (शाळेतच देता येणारी कॉलेजच्या पातळीची परीक्षा) बायॉलॉजीत ५ व एपी केमिस्ट्रीत ४ असे पाचपैकी गुण आहेत.

पांढराकोट

मी हा मार्ग चाललेलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. सॅक्रामेंटो खोऱ्यातल्या एका कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे, मग डेव्हिसला दोन वर्षे, मध्ये दोन वर्षे एका दवाखान्यात नोकरी, त्यानंतर मेडिकल स्कूल आणि आता रेसिडेन्सीचे (डॉक्टर झाल्यावर रुग्णालयात घ्यायच्या प्रशिक्षणाचे) दुसरे वर्ष, असा माझा क्रम आहे.

आपल्याकडून इथे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला एक गोष्ट समजावून द्यावी लागते. इथे बारावीनंतर नीट देऊन थेट एमबीबीएसला बसता येत नाही. आधी चार वर्षांची कोणतीही पदवी घ्यायची असते. 'प्रीमेड' ही पदवी नाही. मेडिकल स्कूलला जे विषय पूर्ण झालेले हवे असतात, त्या विषयांना लोकांनी दिलेले ते नाव आहे. बहुतेक ठिकाणी एक वर्ष जीवशास्त्र, एक वर्ष जनरल केमिस्ट्री, एक वर्ष सेंद्रिय रसायन व एक वर्ष फिजिक्स, हे सारे प्रयोगशाळेसह, आणि त्यावर जैवरसायन अशी मागणी असते. संख्याशास्त्र, मानसशास्त्र आणि इंग्रजी ही ठिकाणानुसार जोडली जातात. मेडिकल स्कूलच्या प्रवेशासाठी द्यायच्या एमकॅट परीक्षेचे स्वरूप २०१५ मध्ये बदलले. तेव्हापासून जैवरसायन, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र त्यात ठळकपणे आले आहेत, त्यामुळे ते विषय टाळून कोणाचेच भागत नाही.

आता मूळ प्रश्न. अर्ज ज्या केंद्रीय सेवेमार्फत जातो, त्या ॲमकॅसमध्ये कम्युनिटी कॉलेजातले गुण आणि युनिव्हर्सिटीतले गुण एकाच सूत्राने मोजले जातात. कॉलेजचा दर्जा पाहून कोणताही भार कमी-जास्त होत नाही. जीवशास्त्र, रसायन, फिजिक्स आणि गणित यांची सरासरी वेगळी काढली जाते. परंतु निवड समितीतला माणूस सरासरीखालचा तक्ताही वाचतो, कुठल्या वर्षी, कुठल्या कॉलेजात, काय मिळाले हे त्याला दिसते, आणि खरा निकाल त्या वाचनात लागतो.

एक हिशेब मांडून दाखवतो. समजा एका विद्यार्थ्याने कम्युनिटी कॉलेजात ६० युनिट (श्रेयांक) चारपैकी ३.९ सरासरीने केले आणि युनिव्हर्सिटीत ४० युनिट ३.४ ने केले. एकूण सरासरी ३.७० येते. दुसऱ्याने पहिले ६० युनिट ३.५ ने आणि पुढचे ४० युनिट ३.९ ने केले, तर त्याची सरासरी ३.६६ येते. आकड्यात पहिला पुढे आहे. पण मी ज्या ज्या सल्लागारांशी बोललो, त्यांपैकी प्रत्येकाने दुसऱ्याचाच अर्ज पसंत केला असता असे सांगितले, कारण पहिल्याच्या तक्त्यावरून 'सोप्या जागी चमकला, अवघड जागी ढेपाळला' असा अर्थ निघतो. कम्युनिटी कॉलेजविषयी जी कुजबुज ऐकू येते तिचे मूळ इथे आहे. कॉलेजच्या नावाने कोणाला नकार मिळत नाही, पुढच्या दोन वर्षांत जे घडते किंवा घडत नाही, त्याने मिळतो.

म्हणून माझा सल्ला असा की सगळे विज्ञान कम्युनिटी कॉलेजात उरकून टाकू नये. जनरल केमिस्ट्री, जीवशास्त्राची मालिका, कॅल्क्युलस आणि जमल्यास सेंद्रिय रसायन तिथे करावे. जैवरसायन, जनुकशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, पेशीजीवशास्त्र हे अप्पर डिव्हिजनचे (पदवीच्या शेवटच्या दोन वर्षांचे) विषय तसेही कम्युनिटी कॉलेजात शिकवले जात नाहीत. ते युनिव्हर्सिटीतच होतील आणि तिथे ते उत्तम व्हायला हवेत. मी फिजिक्स मुद्दाम डेव्हिससाठी राखून ठेवले होते, जेणेकरून पहिल्या क्वार्टरला (वर्षाच्या तीन सत्रांपैकी पहिल्या सत्राला) एकदम तीन अप्पर डिव्हिजन अंगावर येऊ नयेत.

एडिसनकर

पांढराकोट यांनी चांगल्या बाजूने लिहिले आहे, तेव्हा मी दुसरी बाजू मांडतो. आम्ही न्यू जर्सीत आहोत. मुलगा शाळेत वरच्या पंधरा टक्क्यांत होता, त्यामुळे राज्याच्या एनजे स्टार्स योजनेत काउंटी कॉलेजची (तिकडच्या कम्युनिटी कॉलेजची) ट्यूशन म्हणजे शिक्षणाची फी माफ झाली आणि आम्ही सुखावलो. तिथल्या सल्लागार बाईंनी पहिल्याच सत्रात त्याला 'मानवी शरीररचना आणि शरीरक्रिया' हा दोन भागांचा विषय घेऊन दिला. नाव ऐकून आम्हालाही वाटले की डॉक्टर व्हायचे तर याहून योग्य विषय कोणता असणार! ट्रान्स्फर झाल्यावर कळले की तो विषय नर्सिंग आणि तत्सम अभ्यासक्रमांसाठी आखलेला होता. युनिव्हर्सिटीने त्याला ऐच्छिक विषयाचे श्रेय दिले, पण जीवशास्त्राच्या पदवीत तो कुठेच बसला नाही. मुख्य प्रवाहातल्या जीवशास्त्राची मालिका त्याला पुन्हा पहिल्यापासून करावी लागली. एक पूर्ण वर्ष गेले आणि वाचवलेले पैसे त्या वर्षात खर्च झाले.

मी कॉलेजचे नाव घेत नाही, कारण दुसरीकडेही हेच घडल्याचे मी ऐकले आहे. सल्लागारांवर शेकडो मुलांचा भार असतो आणि त्यांपैकी प्रीमेडची थोडीच असतात.

मिशनपीक ताई, तुमच्या हातात रिव्हरसाइडचा प्रवेश आहे. तिथे २०१३ पासून त्यांचे स्वतःचे मेडिकल स्कूल चालू आहे. पहिल्या दिवसापासून संशोधनाची प्रयोगशाळा, ओळखीचे प्राध्यापक आणि सलग चार वर्षे मिळतील. हातातले सोडून पळत्यामागे का जायचे, हे मला समजत नाही.

रसायनी

मी बे एरियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. अर्धवेळ शिकवते, म्हणून दोन कॉलेजांच्या पार्किंगचे पास गाडीत असतात. एडिसनकर यांनी सांगितलेली चूक मी दर वर्षी पाहते, त्यामुळे आधी तिच्याविषयी लिहिते.

आमच्याकडे रसायनाचे दोन वेगळे रस्ते असतात. एक नर्सिंग, दंतस्वच्छता अशा व्यवसायांसाठी, ज्यात जनरल आणि सेंद्रिय रसायन थोडक्यात एकत्र उरकले जाते, आणि दुसरा विज्ञानात पदवी घेणाऱ्यांसाठी. डी अँझाच्या वेळापत्रकात केम १ए, १बी, १सी ही जनरल केमिस्ट्रीची मालिका आहे आणि १२ए, १२बी, १२सी ही सेंद्रियची. जीवशास्त्रात ६ए, ६बी, ६सी ही मुख्य मालिका आहे. प्रीमेडच्या मुलाने यांच्या बाहेर भटकू नये. कोणता विषय कोणत्या युनिव्हर्सिटीत कशाच्या बदली धरला जाईल हे कॅलिफोर्नियात असिस्ट नावाच्या सरकारी संकेतस्थळावर वर्षानुसार दिलेले असते. सल्लागाराकडे जाण्याआधी आपले कॉलेज, ज्या युनिव्हर्सिटीत जायचे ती आणि तिथला नेमका विषय निवडून ते पान छापून न्यावे. सल्लागार चुकला तरी कागद चुकत नाही.

आता मालिकेविषयी, कारण ट्रान्स्फरमध्ये सर्वाधिक नुकसान इथे होते. डी अँझा आणि फूटहिल क्वार्टर पद्धतीने चालतात, तर ओलोनी सेमिस्टर पद्धतीने. तीन क्वार्टर म्हणजे दोन सेमिस्टर हे युनिटच्या हिशेबात खरे आहे, पण अभ्यासक्रमाच्या विभागणीत खरे नाही. डी अँझात १ए आणि १बी करून तिसरा भाग दुसऱ्या कॉलेजात करायला गेलेला मुलगा तिथे पाहतो की अर्धा भाग त्याने केलेला आहे, अर्धा कोणीच शिकवलेला नाही, आणि युनिव्हर्सिटी म्हणते की मालिका अपुरी आहे. जी मालिका जिथे सुरू केली ती तिथेच संपवावी. सेंद्रियचा एक भाग इथे आणि उरलेला ट्रान्स्फरनंतर, असे तर मुळीच करू नये. दोन वर्षांत सेंद्रिय पूर्ण होत नसेल तर ते सुरूच करू नये आणि अख्खे युनिव्हर्सिटीत न्यावे.

नोंदणीचेही सांगते. नव्या विद्यार्थ्यांना नोंदणीची तारीख जवळजवळ शेवटी मिळते आणि प्रयोगशाळेत जागा मोजक्याच असतात. माझ्या वर्गात २८ टेबलांच्या जागा आहेत आणि पहिल्या दिवशी दाराबाहेर पंधरा जण प्रतीक्षायादीतले उभे असतात. पहिल्या तासाला मी प्रत्येकाला त्याच्या ड्रॉवरमधली काचेची भांडी यादीप्रमाणे मोजायला लावते, बीकर, ब्युरेट, फ्लास्क, आणि ज्या नावासमोर कोणी उभे राहत नाही ती जागा त्याच क्षणी प्रतीक्षायादीतल्या हजर मुलाला देते. घरून ईमेल पाठवून वाट पाहणाऱ्याला ती जागा मिळत नाही.

आणखी एक नियम पालकांना ठाऊक नसतो. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत डी किंवा एफ मिळाला तर विषय पुन्हा घेता येतो, पण सी मिळाला तर सर्वसाधारणपणे पुन्हा घेता येत नाही. शिवाय विषय पुन्हा घेतला तरी ॲमकॅस जुना आणि नवा असे दोन्ही गुण मोजते. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये गाडी घसरते आहे असे दिसले तर नाव मागे घेण्याची शेवटची तारीख पाहून शहाणपणाने निर्णय घ्यावा. ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) एखादा डब्ल्यू, म्हणजे नाव मागे घेतल्याची नोंद, असणे केमिस्ट्रीतल्या सीपेक्षा बरे. चार डब्ल्यू मात्र बरे नव्हेत.

पांढराकोट

रसायनी यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून थोडे विषयांतर करतो, पण बे एरियातल्या मराठी घरांसाठी ते गरजेचे आहे. आपल्याकडे नववी-दहावीतल्या मुलांना उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजातला एखादा विषय घ्यायला लावण्याची मोठी चढाओढ असते. शाळकरी मुलांना ट्यूशन माफ असते, शेजारच्या मुलीने घेतला म्हणून आपल्यानेही घ्यावा, असा तो प्रकार. पंधराव्या वर्षी सहा आठवड्यांच्या उन्हाळी सत्रात मिळालेला सी हा कॉलेजचाच गुण धरला जातो आणि सात वर्षांनी मेडिकल स्कूलच्या अर्जात त्या कॉलेजचे ट्रान्सक्रिप्ट मागवून तो गुण लिहावाच लागतो. आपण शाळेत असताना घेतला होता ही सबब चालत नाही. मिशनपीक, मुलीने असे काही घेतले असेल तर ते आताच शोधून ठेवा.

एपीविषयी तुम्ही लिहिले आहे. डेव्हिस कदाचित त्या गुणांवर पदवीचे युनिट देईल, परंतु अनेक मेडिकल स्कूल आवश्यक विज्ञानविषयांच्या जागी नुसता एपी मान्य करत नाहीत, किंवा त्याच विषयातला वरचा अभ्यासक्रम मागतात. प्रत्येक मेडिकल स्कूलचा एपी, ऑनलाइन प्रयोगशाळा आणि कम्युनिटी कॉलेज यांविषयीचा नियम एमएसएआर या सशुल्क सूचीत एकत्र मिळतो. काही जागी 'चार वर्षांच्या संस्थेतले विषय पसंत' असे वाक्य आढळेल. ती मेडिकल स्कूल यादीतून काढून टाकावीत असे मी म्हणत नाही, पण अशांसाठी वरचे विषय भक्कम हवेत.

एडिसनकर यांच्या 'सलग चार वर्षे' या मुद्द्यात तथ्य आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ट्रान्स्फर झालेल्या मुलाने तिसऱ्या वर्षाच्या शेवटी, म्हणजे जूनमध्ये अर्ज करायचा म्हटले, तर त्याच्याकडे युनिव्हर्सिटीचे जेमतेम तीन क्वार्टरचे गुण असतात, प्राध्यापकांशी ओळख नुकतीच झालेली असते आणि एमकॅटची तयारीही त्याच वसंत ऋतूत करायची असते. मी तसा प्रयत्न केला नाही. पदवी घेतली, दवाखान्यात स्क्राइब (डॉक्टरांच्या तपासणीच्या नोंदी लिहिणारा) म्हणून काम केले आणि मग अर्ज केला. आता मेडिकल स्कूलला जाणाऱ्यांपैकी अर्ध्याहून अधिक जण पदवीनंतर वर्ष-दोन वर्षे थांबूनच जातात, त्यामुळे त्यात कमीपणा नाही. पण दोन अधिक दोन अधिक चार असा सरळ हिशेब मनात धरून बसू नका. आमच्या आजीने साताऱ्याहून पाच वर्षे दर दिवाळीला एकच प्रश्न विचारला, "अजून दवाखाना थाटला नाहीस का रे?"

दुसरीखेळी

धागा वाचून विचारायचे धाडस करते. मी पुण्याहून बी.फार्म. केले आहे, लग्नानंतर इथे आले, सध्या एच-४ वर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर आश्रित म्हणून) आहे आणि सांता क्लाराजवळ राहते. वय ३१. कम्युनिटी कॉलेजातून प्रीमेडचे विषय करून मेडिकल स्कूलला अर्ज करता येईल का? कॉलेजात चौकशी केली तेव्हा समोरच्या मुलाने फक्त एवढेच सांगितले की नोंदणी कोणालाही करता येते.

पांढराकोट

नोंदणी करता येते हे खरे, पण पुढचे दोन अडथळे त्याने सांगितले नाहीत.

पहिला अडथळा परदेशी पदवीचा. ॲमकॅस भारतातले गुण सरासरीत धरत नाही. बहुतेक मेडिकल स्कूलना आवश्यक विज्ञानविषय आणि त्याखेरीज ठराविक युनिट, कित्येक ठिकाणी ९० सेमिस्टर युनिट किंवा संपूर्ण पदवी, अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून झालेले हवे असतात. त्यामुळे तुमच्या बी.फार्म.मधले सेंद्रिय रसायन कितीही पक्के असले तरी ते पुन्हा करावे लागेल. कम्युनिटी कॉलेजात तुम्ही खालच्या पातळीचे विषय करू शकाल. वरच्या विषयांसाठी बर्कली एक्स्टेन्शनसारख्या ठिकाणी पदवीनंतर प्रीमेड करणाऱ्यांची सोय आहे.

दुसरा आणि मोठा अडथळा व्हिसाचा. अमेरिकेतली बरीच मेडिकल स्कूल फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांचेच अर्ज घेतात. उरलेल्यांपैकी काही जण परदेशी विद्यार्थ्याने चार वर्षांचा खर्च आगाऊ बँकेत दाखवावा असे सांगतात. ग्रीन कार्डाच्या रांगेत तुम्ही कुठे उभ्या आहात ते आधी पाहा आणि तशी यादी करा. हेच मी एच-४ वरच्या शाळकरी मुलांच्या पालकांनाही सांगतो. मूल २१ वर्षांचे झाले की ते आश्रिताच्या व्हिसावर राहत नाही, बहुधा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जाते, आणि नेमका तोच काळ युनिव्हर्सिटीत ट्रान्स्फर होण्याचा किंवा मेडिकलच्या अर्जाचा असतो.

रसायनी

दुसरीखेळी, फीविषयी एक व्यवहाराची गोष्ट लिहिते. कॅलिफोर्नियात रहिवाशांना सेमिस्टर कॉलेजांत युनिटमागे ४६ डॉलर पडतात, अनिवासींना त्याच्या कितीतरी पट. एच-४ धारकांना राज्यात वर्षाहून अधिक काळ राहून आणि कागदपत्रे दाखवून रहिवासी ठरता येते. नोंदणीच्या वेळी संगणकाने तुम्हाला अनिवासी ठरवले तर गप्प बसून पैसे भरू नका, ॲडमिशन्सच्या खिडकीवर भाडेकरार आणि राज्याचे टॅक्स रिटर्न घेऊन जा.

तुमच्या वयाची काळजी आमच्या वर्गात कोणालाच वाटणार नाही. मागच्या सत्रात माझ्या पुढच्या टेबलावर एकोणीस वर्षांचा मुलगा आणि दोन मुलांची आई अशी जोडी होती. टायट्रेशनला मुलगा घाईने थेंब सोडून दर वेळी गडद गुलाबी करून बसे आणि त्या बाई ब्युरेटची तोटी दोन बोटांत धरून अर्धा थेंब काचेला टेकवून घेत, मग फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकतो का ते पाहत. महिन्याभराने तोही तसेच करू लागला. इतक्या जवळून मी विद्यार्थ्यांना पाहते, म्हणून त्यांच्यासाठी लिहिलेल्या शिफारसपत्रात मला काहीतरी सांगता येते. तीनशे-चारशेच्या व्याख्यानगृहात शिकवणाऱ्या प्राध्यापकाला ते अवघड जाते. अर्थात मेडिकल स्कूलला विज्ञानाच्या प्राध्यापकांची पत्रे लागतात, त्यांत युनिव्हर्सिटीतले पत्र असायलाच हवे. माझे पत्र त्याच्या जोडीला शोभते, त्याच्या जागी नाही.

मिशनपीक

सर्वांचे आभार. एडिसनकर, तुमचे म्हणणे मी यजमानांना वाचून दाखवले आणि आमची दोन रात्री त्यावरच चर्चा झाली. मुलीला शाळेत असताना घेतलेल्या एका उन्हाळी विषयात बी मिळाला होता, तो आम्ही विसरूनच गेलो होतो.

डेव्हिसला ट्रान्स्फरची हमी मिळते असे मुलगी म्हणते. ते कितपत खरे आहे? आणि मेडिकलच्या कर्जाचे नियम बदलले आहेत म्हणतात, त्याचा इथे काही संबंध येतो का?

पांढराकोट

हमी खरी आहे, पण अटींसह. टॅग नावाची ती योजना डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहा ठिकाणी आहे. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो तीत नाहीत. एकाच ठिकाणासाठी अर्ज करता येतो आणि तो ज्या वर्षी ट्रान्स्फर घ्यायची त्याच्या आदल्या सप्टेंबरात भरावा लागतो. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तिचे कॉलेज या ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू झाले तर पुढच्याच सप्टेंबरात टॅग आणि त्यानंतर लगेच युनिव्हर्सिटीचा मुख्य अर्ज. हाती असतील ते फक्त पहिल्या वर्षाचे गुण. 'पहिले वर्ष रुळण्यात जाऊ दे' ही चैन या मार्गावर नाही. ट्रान्स्फरपूर्वी ६० सेमिस्टर किंवा ९० क्वार्टर युनिट पूर्ण हवेत आणि प्रत्येक विषयवार अटी असिस्टच्या पानाशी ताडून पाहायला हव्यात. सामान्य शिक्षणाचा जो ठरीव संच असतो तो विज्ञानाच्या मुलांनी ट्रान्स्फरपूर्वी पूर्ण करण्याचा हट्ट धरू नये, रसायन आणि जीवशास्त्राला प्राधान्य द्यावे.

कर्जाचा संबंध नक्कीच येतो. १ जुलै २०२६ पासून नव्याने मेडिकलला जाणाऱ्यांना केंद्र सरकारचे कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलर एवढेच मिळणार आहे. त्यावरचा सारा खर्च भागवणारे ग्रॅड प्लस कर्ज नव्या कर्जदारांसाठी बंद होते आहे. बऱ्याच खासगी मेडिकल स्कूलचा वर्षाचा एकूण खर्च ९० हजारांपुढे जातो. वरचे चाळीस हजार कुठून तरी उभे करावे लागतील. ओलोनीत वर्षाचे ३० युनिट धरले तर फी १,३८० डॉलर होते, आणि पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या पूर्णवेळ मुलांना बऱ्याच कॉलेजांत दोन वर्षे तीही माफ असते. पहिल्या दोन वर्षांत जे ऐंशी हजार वाचतील ते मेडिकलसाठी बाजूला ठेवता आले, तर हा मार्ग केवळ पर्याय राहत नाही. वाचलेल्या पैशांतून घरात नवी टेस्ला येणार असेल, तर रिव्हरसाइडला पाठवा!

एडिसनकर

कर्जाचा हा बदल मला ठाऊक नव्हता. मुलाच्या वेळी तो नियम असता तर कदाचित मीही वेगळा विचार केला असता. तरी माझी एक अट कायम आहे. दोन वर्षे घरी राहणारे मूल दवाखान्यात, स्वयंसेवेत किंवा संशोधनात कुठेतरी गुंतलेले हवे. आमचा मुलगा वर्ग संपला की घरी येई आणि त्या दोन वर्षांत अर्जात लिहिण्यासारखे बाहेरचे काहीच घडले नाही.

रसायनी

ते खरे आहे. त्यासाठी आता काही सोयी झाल्या आहेत. कम्युनिटी कॉलेजातून मेडिकलकडे जाणाऱ्यांसाठी राज्यात कॅलिफोर्निया मेडिसिन स्कॉलर्स प्रोग्रॅम आहे आणि डेव्हिसच्या मेडिकल स्कूलचा ॲव्हेन्यू एम हा उपक्रमही त्याच हेतूने चालतो. त्यांचे निकष आणि सहभागी कॉलेजांची यादी पाहून ठेवा.

मिशनपीक

मुलीने काल रात्री रिव्हरसाइडला नकार कळवला. कळ दाबताना ती शांत होती, मीच स्वयंपाकघरात निघून गेले. डी अँझा की ओलोनी यावर थोडा वाद झाला. शेवटी ओलोनी ठरले, कारण मिशन बुलेव्हार्डवरचे ते आवार घरापासून दहा मिनिटांवर आहे, कुपर्टिनोला जाण्या-येण्यातले रोजचे दोन तास वाचतील आणि क्वार्टरच्या बारा आठवड्यांपेक्षा सेमिस्टरचा वेग तिला अधिक मानवेल असे तिचे मत पडले. वाचलेल्या तासांत वॉशिंग्टन रुग्णालयातली स्वयंसेवेची यादी ती पाहते आहे. दिरांना अजून सांगितलेले नाही.

असिस्टचे पान छापून फ्रिजवर लावले आहे. तिची नोंदणीची तारीख मात्र फारच उशिराची आली असून जनरल केमिस्ट्रीच्या दोन्ही वर्गांना आत्तापासूनच प्रतीक्षायादी दिसते आहे. रसायनीताई, आता काय करावे?

रसायनी

दोन्हींपैकी ज्या यादीत वरचा क्रमांक मिळेल तिच्यात नाव घालून ठेवा, आणि फी न भरल्याने नाव गळण्याची तारीख असते, त्या दिवशी सकाळी यादी पुन्हा उघडून पाहा, कारण बऱ्याच जागा तेव्हाच मोकळ्या होतात. जनरल केमिस्ट्रीसाठी गणित आणि आधीच्या रसायनाची पात्रता दाखवावी लागते, तेव्हा एपीचा निकाल कॉलेजकडे जुलैतच पोहोचवा. नाहीतर जागा मिळूनही संगणक तिला आत घेणार नाही. पहिल्या दिवशी तिने पाऊण तास आधी जावे, बंद बूट आणि पूर्ण लांबीची पँट घालूनच जावे, गॉगल स्वतःचा न्यावा आणि शिक्षकाने हजेरी घेईपर्यंत दारापासून हलू नये. ॲड कोड (वर्गात नाव घालण्यासाठी शिक्षक देतो तो संकेतांक) मिळाला की तो त्याच रात्री वापरावा. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ठेवलेले कोड वाया गेलेले मी पाहिले आहेत.